मोना नंबर तीन

या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी मानधनाचं विचारलं नाही. त्यामुळे ते जरा घाबरलेच. माझ्याबद्दल त्यांनी काही ना काही ऐकलेलं असणार. मी विचारलं, "लेखावर माझं नाव किती मोठ्या अक्षरात येणार?"

"सगळ्यांचं येतं तेवढंच, ताई."

"सगळ्यांनी बोर्डावरच्या अक्षरांवर संसार केलाय का? मी केलाय."

मग घासाघीस झाली. कवींपेक्षा एक माप मोठं आणि ज्योतिषाच्या जाहिरातीपेक्षा एक माप लहान, इथे आम्ही दोघं थांबलो. मी खुशीत फोन ठेवणार तेवढ्यात ते म्हणाले, "पण ताई, नाव कोणतं टाकू?"

माझ्याकडे तीन नावं आहेत आणि तिन्ही दुसऱ्यांनी ठेवलेली आहेत. म्हटलं, आधी लेख होऊ द्या, मग सांगते.

मी कलाकारांचं बुकिंग करते. डोंबिवली पूर्वेला एका इमारतीच्या जिन्याखाली माझं ऑफिस आहे. टेबल, दोन खुर्च्या आणि डोक्यावरून दिवसभर जाणारी पावलं. कुणाच्या घरी हळद असते, कुणाच्या कॉम्प्लेक्समध्ये पूजा, कुठल्या मंडळाचा गणपती, कुठल्या दादांचा वाढदिवस. त्यांना गाणारे, नाचणारे, नकला करणारे, निवेदन करणारे लागतात, ते मी देते. गिऱ्हाईक म्हणतं कमी करा, कलाकार म्हणतो वाढवा, आणि दोघांनाही वाटतं मी दुसऱ्याची आहे. एकतीस वर्षं मी दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या आणि त्याच्या दुप्पट परत दिल्या.

या धंद्यात पैशावरून भांडणं होतात, पण ती मिटतात. नावावरून झालेली मिटत नाहीत. कुणाचं नाव आधी, कुणाचं मोठं, फोटो डावीकडे की उजवीकडे. नव्या पोरांना मी एकच शिकवते: पहिलं नाव मिळत नसेल तर शेवटचं मागा, चौकटीत. मधली नावं फक्त त्या कलाकारांच्या आया वाचतात.

आणि बोर्डावर जायच्या आधीचा प्रश्न: खरं नाव लावायचं की दुसरं? पूर्वी मी सर्रास दुसरं लावायचे. टिटवाळ्याचा एक प्रल्हाद माझ्याकडे नकला करायला आला. पोरगा हुशार, पण प्रल्हाद म्हटल्यावर लोक कीर्तनाला बसल्यासारखे मांडी घालून बसायचे. मी त्याला रॉकी राज केलं. चालला. कसाऱ्यापर्यंत चालला. त्याच्या वडिलांना मात्र ते नाव अजिबात खपलं नाही. दारात कुणी रॉकी म्हणून हाक मारली की ते आतून ओरडायचे, "इथे असला कोणी राहत नाही!"

वडील गेले. आमच्याकडे चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो, खाली शोकाकुल म्हणून घरच्यांची नावं. फ्लेक्सवाल्याने मोठ्या भावाचं नाव टाकलं, आईचं टाकलं, पुतण्याचं टाकलं आणि शेवटी चौकटीत छापलं: रॉकी राज. गॉगल घातलेल्या फोटोसकट. त्याच्याकडे तोच फोटो होता.

तेराव्यानंतर पोरगा माझ्या ऑफिसात आला. खुर्चीत बसला नाही. म्हणाला, "ताई, बापाला अग्नी प्रल्हादने दिला आणि चौकात रडतोय रॉकी."

मला हसू आलं, पण हसता हसता मी यादी काढून त्यातलं रॉकी राज खोडलं. त्या दिवसापासून मी नियम केला: माझ्या यादीतला माणूस आपल्या नावाने उभा राहील. जमत नसेल त्याने दुसरीकडे जावं.

नियमाचं एवढंच कारण होतं असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं कारण माझ्या कपाटात होतं.

मी राजापूरकडची. चौदाव्या वर्षी मामाकडे डोंबिवलीला आले. गळा बरा होता. एकोणिसाव्या वर्षी कल्याणच्या एका ऑर्केस्ट्राच्या तालमीला गेले. मालक दामूशेठ. तोंडात सतत पान, त्यामुळे ते बोलायचे कमी आणि हुंकारायचे जास्त. माझी दोन गाणी ऐकून त्यांनी पिचकारी टाकली आणि म्हणाले, "उद्यापासून तू मोना."

"मोना का?"

"बोर्ड रंगवलेला आहे."

मला वाटलं, शेठना माझ्यात काहीतरी दिसलं आणि त्यांनी माझ्यासाठी बोर्ड रंगवून घेतला. रात्रभर मी मामीच्या आरशासमोर मोना म्हणून हसून बघत होते. तीन महिन्यांनी ढोलकीवाल्याने खरी गोष्ट सांगितली. मी मोना नंबर तीन. पहिली लग्न करून गेली, दुसरी भांडून गेली. कापडी बोर्ड मोठा, पेंटरचा खर्च मोठा, म्हणून पोरी बदलायच्या, नाव तेच. मग मला माझा चमचमता ब्लाउज नीट दिसला. त्याच्या हुकांची जागा दोनदा सरकवलेली होती.

तरी मी ते नाव सात वर्षं घासून पुसून लख्ख केलं. भिवंडीपासून बदलापूरपर्यंत लोक 'मोना, मोना' ओरडायचे तेव्हा मला वाटायचं, आता हे माझं झालं. ठाण्याच्या एका स्टुडिओत आम्ही आठ गाण्यांची कॅसेट केली. मी शेठना म्हटलं, कॅसेटवर माझं खरं नाव टाका, एवढंच मागते. शेठ हुंकारले. मी तो होकार समजले.

कॅसेट आली. आवाज माझा. नाव मोना. फोटो कुणा चौथ्याच मुलीचा. मी खरं नाव मागितल्यावर शेठनी लगेच मोना नंबर चार बघून ठेवली होती.

त्या दुपारी मी तालमीच्या हॉलवर गेले, ड्रेसवाल्याच्या पेटीतून कात्री घेतली आणि बोर्डावरची मोना कापून काढली. चार फूट बाय दोन फूट. लाल अक्षरं, त्यांना पिवळी सावली. बगलेत मारून सगळ्यांदेखत चालत स्टेशनला आले. वाटलं, आता शेठ काय करतील? शेठनी दोन दिवसांत नवीन बोर्ड रंगवून घेतला. त्यावरही मोना.

ते कापड अजून कपाटात आहे. शेठ गेले, ऑर्केस्ट्रा बंद झाला. राग आहे. तो मी नीट घडी घालून ठेवते.

आता मुख्य गोष्ट. दोन वर्षांपूर्वी माझ्या जिन्याखाली हर्षला आली. वय चोवीस, ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. दिवसा खोपटला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची, संध्याकाळी हळदीत डीजेवर गायची. तिची गाणी लोकांनी मोबाइलवर इतकी फिरवली की घोडबंदर रोडच्या एका म्युझिक कंपनीने तिला बोलावलं होतं. बरोबर तिची आई होती, निर्मला. ती दारातल्या पायरीवरच टेकली. मी म्हटलं, "आत या हो." ती म्हणाली, "बरी हाय हितंच. वारा हाय."

हर्षला म्हणाली, "मावशी, कंपनीशी तुम्ही बोला. आणि मला स्टेजसाठी दुसरं नाव पाहिजे."

मी नियम सांगितला. रॉकी राजची गोष्ट सांगितली. ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "तरी पाहिजे."

"हर्षला नावात काय वाईट आहे?"

"काहीच नाही. म्हणून तर ते डीजेवर वापरायचं नाही."

मग तिने जे सांगितलं ते वाचकांना कळावं म्हणून थोडं थांबते. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण असते. लग्नातले विधी तिच्या गाण्यावर चालतात. देवांना बोलवायचं गाणं वेगळं, हळदीचं वेगळं, मांडवाचं वेगळं. ही गाणी म्हणजे धवळे. पुस्तक नाही, कागद नाही, सगळं तोंडपाठ. एक बाई दुसरीला देते. हर्षलाची आई धवलारीण, आणि तिच्या हाताखाली शिकणारी अख्ख्या कोळीवाड्यात एकटी हर्षला.

"सकाळी मी मांडवात आईच्या मागे धवळे म्हणते, डोक्यावरून पदर घेऊन," ती म्हणाली. "संध्याकाळी त्याच अंगणात डीजेवर सगळ्यांना नाचवते. म्हाताऱ्या बोलायला लागल्यात, एकाच तोंडाने दोन्ही कसं? आता चौकाचौकात माझ्या नावाचे बोर्ड लागले तर मांडवात कोण बोलावेल? आणि आईचे गुडघे गेलेत. माझ्यानंतर कोणी नाही, मावशी. तिथेच संपेल ते."

"मग डीजे सोड."

"का सोडू? मला तो पण आवडतो."

मी आईकडे बघितलं. आई रस्त्याकडे बघत होती. मी म्हटलं, "बघू." माझ्या धंद्यात 'बघू' म्हणजे नाही. हर्षलाला ते माहीत नव्हतं, त्यामुळे ती आनंदाने गेली.

पुढच्या सोमवारी आम्ही तिघी कंपनीच्या ऑफिसात गेलो. एसीची इतकी थंडी की निर्मलाने पदर कानावरून घेतला. समोर एक तिशीचा तरुण, पायात पांढरे बूट. "हाय, मी सिड. क्रिएटिव्ह हेड."

मी विचारलं, "पूर्ण नाव?"

"सिड म्हणा ना."

"पूर्ण नाव?"

"सिद्धेश्वर," तो हळूच म्हणाला आणि मागे बसलेल्या मुलीने कीबोर्डवर मान खाली घातली.

सिडने नाव तयारच ठेवलं होतं. कायरा. स्क्रीनवर निळ्या दिव्यांत ती अक्षरं फिरत होती. हर्षलाला ते एकदम आवडलं नाही, एकदम नावडलंही नाही. तिला आपलं नाव मांडवासाठी राखायचं होतं, बाकी कायरा काय आणि मायरा काय. मी मात्र करार वाचायला घेतला. मी करार शेवटून वाचते. मालक लोक शेवटी दमतात आणि खरं लिहितात. तिथे कलम होतं: हे नाव कंपनीच्या मालकीचं राहील आणि कलाकार सोडून गेल्यास कंपनी ते दुसऱ्या कलाकाराला देऊ शकेल.

त्या थंडगार खोलीत मला दामूशेठच्या पानाचा वास आला.

"ही कितवी?" मी विचारलं.

"कोण कितवी?"

"कायरा. ही हर्षला कितवी कायरा?"

सिड हसायला लागला. "मॅडम, असं काही नसतं..."

मागची मुलगी मान न वर करता म्हणाली, "सर, दुसरी."

सिड म्हणाला, "मॅडम, हा स्टँडर्ड क्लॉज आहे. सगळीकडे असतो."

"ब्लाउजही स्टँडर्डच होता," मी म्हटलं. "हुक सरकवले की चौघींना बसायचा."

त्याला काहीच कळलं नाही, आणि मला कळवायचंही नव्हतं. मी उभी राहिले, आवाज चढवला, ज्या गोष्टी त्या पोराने केल्या नव्हत्या त्यांच्याबद्दलही त्याला बोलले. तो बिचारा पाण्याचा ग्लास पुढे करत होता. शेवटी म्हणाला, "शुक्रवारी बोर्डाचं डिझाइन जाणार आहे. तोपर्यंत दुसरं नाव दिलंत तर बघतो. नाहीतर कायरा, नाहीतर दुसरी मुलगी."

रिक्षात हर्षला बाहेर बघत बसली. कापूरबावडी आलं तेव्हा म्हणाली, "मावशी, ते भांडण तुमचं होतं. गाणं माझं होतं."

मला कुणी असं बोललं की मी रिक्षा थांबवून उतरते किंवा समोरच्याला उतरवते. त्या दिवशी दोन्ही केलं नाही. तिचं खरं होतं.

बुधवारी मी कोळीवाड्यात गेले. निर्मला ओट्यावर सुकट निवडत बसली होती. हर्षलाने अर्धी रजा टाकली होती. मी वहीत अकरा नावं लिहून नेली होती. एकेक वाचत गेले आणि मायलेकी एकेक उडवत गेल्या. सागरिका? "ती सोसायटी हाय, तिकरं, नवी झाली ती." लहर? "आईसक्रीम वाटतं." तेजस्वी? "मावशी, मी बोर्डाच्या परीक्षेला बसतेय का?"

अकरा संपली. मग मी पिशवीतून कापड काढलं आणि ओट्यावर पसरलं. इतक्या वर्षांत मी ते कुणाला दाखवलं नव्हतं. सगळी गोष्ट सांगितली, दामूशेठ, कॅसेट, कात्री. म्हटलं, "हे नाव माझं आहे. मी ते कापून आणलंय. तुला देते. कोणी परत मागणार नाही."

हर्षलाने कापडावरून हात फिरवला. मग हसू दाबत म्हणाली, "मावशी, अक्षरं खूप भारी आहेत. पण मोना आमच्या शेजारच्यांच्या कुत्रीचं नाव आहे."

माझ्या कानशिलापर्यंत रक्त आलं. तेवढ्यात निर्मला लेकीवर कडाडली, "गप गो! तिनी काळीज काढून आनलंय आन् तू कुत्री बोलतेस!" मग सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "मना एक नाव ठावं हाय. चांगला हाय. कोनी वापरत नाय."

"कुणाचं?"

"माजा."

हर्षला म्हणाली, "निर्मला? आई, निर्मला नाव डीजेवर?"

"निर्मला सासऱ्यांनी ठेवला. माजा म्हायेरचा नाव गुलाब व्हता."

पोरगी बघतच राहिली. चोवीस वर्षं त्या बाईच्या पोटाशी झोपलेली मुलगी, तिला आईचं नाव माहीत नव्हतं. निर्मलाने सांगितलं ते असं. लग्न ठरलं तेव्हा सासरचे म्हणाले, गुलाब गावठी वाटतं. नणंदेच्या शाळेत कुणी निर्मला नावाची बाई होती, छान साडी नेसायची, ते नाव ठेवलं. "पयल्या वर्साला कोनी निर्मला बोल्ला का मी मागं वलून बगाची, कोन आली म्हनून." मग हळूहळू ते अंगवळणी पडलं. मग धवलारीण झाल्यावर तेही गेलं. लग्नपत्रिकेत घरातल्या शेंबड्या पोरांचीही नावं असतात, धवलारणीचं नसतं. सगळे नुसतं म्हणतात, धवलारणीला बोलवा.

"मी दुसऱ्यांच्या किती पोरींची नवीन नावं मांडवात ऐकली," ती म्हणाली. "जुना नाव कुठं जातो, कोनी इचारला नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुजा काय व्हता गो?"

माझंही लग्नात बदललं होतं. मोठ्या जावेचं नाव आणि माझं नाव एकच. घरात दोघी नकोत म्हणून मला सुनंदा केलं. त्याची धंद्यात नंदाताई झाली. म्हणजे एकदा जागा रिकामी होती म्हणून मला नाव मिळालं आणि एकदा जागा भरलेली होती म्हणून माझं गेलं. मोनाबद्दल मी इतकी वर्षं दात खात होते, कात्री घेऊन धावले होते. त्या दुसऱ्या वेळेला मी पेढे वाटले होते.

"इंदू," मी म्हटलं. जीभ जरा अडखळली.

"चांगला हाय," निर्मला म्हणाली आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "कुत्रीचा नाय वाटत."

मी तिला विचारलं, "शाळेत गेला होतात?"

"चौथीपरत."

"दाखला आहे?"

दाखला होता. पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या खाली. शिक्का फिकट झालेला, पण नाव ठळक होतं. मी तो हातात घेतला आणि मला तो जुना झटका आला, गिऱ्हाईक भाव सोडायच्या जरा आधी येतो तसा.

शुक्रवारी सकाळी आम्ही पुन्हा त्या थंडीत. मी म्हटलं, "नाव ठरलं. गुलाब."

सिडने डोळे मिटले, उघडले. "गुलाब! एकदम रेट्रो! मॅडम, हे तुम्हाला सुचलं?"

"यांना," मी निर्मलाकडे बोट केलं. "पण ते कलम काढायचं."

"मॅडम, नाव कोणतंही असो, मालकी कंपनीचीच..."

मी टेबलावर दाखला ठेवला. "नाव यांचं आहे. शिक्का बघा. तुमची कंपनी नव्हती, तुम्ही नव्हता, तेव्हापासून यांचं आहे. यांनी लेकीला वापरायला दिलंय. तुम्हाला मालकी पाहिजे तर यांना विचारा. बसल्यात समोर."

सिडने दाखला बघितला, निर्मलाकडे बघितलं आणि का कोण जाणे, खरंच विचारलं, "काकू, देणार का नाव?"

"नाय," निर्मला म्हणाली. "एकदा दिला. बास झाला."

कायदा काय म्हणतो ते मला माहीत नव्हतं. मला खात्री आहे, त्यालाही नव्हतं. अशा वेळी ज्याच्या हातात शिक्क्याचा कागद असतो त्याचा आवाज मोठा होतो. पण मी या वेळी आवाज चढवला नाही. विचारलं, "सिद्धेश्वर, तुमचं नाव कुणी बदललं?"

"मीच. कॉलेजला असताना."

"आई काय म्हणते तुम्हाला?"

तो बुटांकडे बघायला लागला. "सिद्धू."

"फोनवर सिड म्हणाली तर कसं वाटेल?"

त्याने करार पुन्हा पुढे ओढला. तासभर मग खरी घासाघीस झाली. त्याला नावापुढे काहीतरी झगमगीत हवं होतं, मी क्वीन देईना, तो नुसतं गुलाब घेईना. शेवटी 'कोळीवाड्याची गुलाब' ठरलं. निर्मलाला विचारलं तर म्हणाली, "ता खराच हाय." दोन जादा गाण्यांचे पैसे मी सोडले, ते आजही मला थोडं टोचतं. पण सिडने वरिष्ठांना फोन केला, परत आला आणि पेनाने ते कलम आडवं खोडलं. मागच्या मुलीने माझ्यासाठी न मागता चहा आणला.

बोर्ड लागले. गावात दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं, कळणारच होतं. फोटो तर हर्षलाचाच. आणि इथे मला एकतीस वर्षांत न कळलेली गोष्ट कळली. मी समजत होते, कलाकार दुसरं नाव लपण्यासाठी घेतो. तसं नाही. ते बाकीच्यांच्या सोयीसाठी असतं. पुढच्याच महिन्यात त्यांच्या गल्लीतल्या एका लग्नाला मी गेले होते. मांडवात हर्षला पदर घेऊन धवळे म्हणत होती आणि एक ऐंशीची म्हातारी माझ्या कानाशी येऊन, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता म्हणाली, "ती बोर्डावली गुलाब कोन गो? आमचे हर्षलासारी दिसते. पन आमची पोर नाय तसली."

"नाहीच मुळी," मी म्हटलं.

"त्याच बोलते मी," म्हातारी म्हणाली आणि समाधानाने धवळ्यात सूर मिसळला. संध्याकाळी डीजेसमोर तीच पहिली नाचायला उठली.

कंपनीचा पहिला मोठा कार्यक्रम कल्याणच्या नाट्यगृहात झाला, रविवारी दुपारी. निर्मलाला मी तिसऱ्या रांगेत बसवलं, गुडघ्यांसाठी कडेची खुर्ची. आत येण्याआधी ती दारातल्या बोर्डासमोर बराच वेळ उभी होती. चौथी शिकलेली बाई एकेक अक्षर वाचत होती. मी विचारलं, "कसा आहे?"

"मोटा हाय," ती म्हणाली. "माजा एवरा मोटा व्हता, मना ठावंच नव्हता."

निवेदक माझाच होता. प्रल्हाद. हो, तोच, आता प्रल्हाद नावाने करतो आणि लोक मांडी घालून का होईना, ऐकतात. दिवे मंद झाले. तो म्हणाला, "ज्यांची तुम्ही वाट बघताय, त्या कोळीवाड्याच्या..." आणि मग थांबून, सगळा दम लावून, "गुलाब!"

तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "आली!"

निर्मला उभी राहिली होती. पस्तीस वर्षांनी कुणी हाक मारली आणि तिच्या गुडघ्यांनी विचार न करता ओ दिली होती. मागचे लोक हसले. ती गोंधळली, इकडेतिकडे बघायला लागली. विंगेतून हर्षला बाहेर आली होती, चमचमत्या लुगड्यात, हातात माइक. ढोलकीवाल्याने सुरुवात केली तर तिने हात वर करून त्याला थांबवलं आणि माइकवरून म्हणाली, "थांबा जरा. आधी तिला बसू दे."

निर्मला बसली. मग गाणं सुरू झालं. गाणं कसं झालं ते मला विचारू नका; मी कडेला भिंतीकडे तोंड करून उभी होते आणि कुणी विचारलं असतं तर एसी फार आहे म्हणून सांगितलं असतं.

हा लेख लिहून झाल्यावर मी संपादकांना फोन केला. म्हटलं, नाव लिहून घ्या. इंदू राऊळ.

ते म्हणाले, "ताई, या नावाने तुम्हाला कोणीच ओळखत नाही हो."

"म्हणूनच फोन केला," मी म्हटलं. "आपलं अक्षरांचं ठरलंय ते मोडलं. आता ज्योतिषापेक्षा मोठं टाका."